फाइल कोणत्या भाषेत चालणार? ऑस्ट्रियातल्या बाडेनी भाषा-आदेशांचं प्रकरण, १८९७

पार्श्वभूमी

१८९७ म्हटलं की आपल्याला पुण्याचा प्लेग, रँडचा खून आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आठवतो. त्याच वर्षी व्हिएन्नात एका सरकारी आदेशापायी ऑस्ट्रियाच्या पंतप्रधानाला, बाडेनीला, घरी जावं लागलं, संसदेच्या सभागृहात पोलीस शिरले आणि प्रागमध्ये आणीबाणी लावायची पाळी आली. आदेशाचा विषय अगदी कारकुनी होता: कचेरीच्या आत फाइल कोणत्या भाषेत फिरवायची?

प्रकरण अभ्यासात माणसांची नावं झाकायचा रिवाज आहे. इथली माणसं केव्हाच इतिहासजमा झालीत, त्यामुळे ज्यांची नावं जाहीर आहेत ती तशीच ठेवली आहेत. पुढे एक शेतकरी आणि एक खाणकामगार भेटतील. ते मी मुद्दा समजावून सांगण्यासाठी उभे केलेत, म्हणून त्यांना नावं नाहीत.

१८६७ मध्ये हंगेरीशी झालेल्या तडजोडीनंतर हाब्सबुर्ग राजघराण्याच्या साम्राज्याचे दोन भाग झाले होते, एक हंगेरी आणि एक उरलेलं सगळं. या ‘उरलेल्या’ भागाला धड नावही नव्हतं. सरकारी कागदावर त्याला ‘राइख्सराटमध्ये प्रतिनिधित्व असलेली राज्यं आणि प्रांत’ म्हणत. राइख्सराट म्हणजे व्हिएन्नाची संसद. या भागात जर्मन, चेक, पोलिश, रुथेनियन म्हणजे आजची युक्रेनियन, स्लोव्हेन, सर्बो-क्रोएशियन, इटालियन आणि रुमानियन अशा भाषा नांदत होत्या. जर्मन बोलणारे सुमारे ३६ टक्के, म्हणजे सगळ्यांत मोठा गट, पण बहुमत नाही. जर्मन ही राज्याची भाषा आहे असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ती तशी होती, कारण ती कायमच तशी होती.

उलट १८६७ च्या मूलभूत कायद्याचं १९ वं कलम सांगत होतं की सर्व वंशगटांना आपली भाषा जपण्याचा समान हक्क आहे, आणि शाळा, कचेरी, सार्वजनिक जीवन इथे प्रांतात रूढ असलेल्या सगळ्या भाषा समान आहेत. याच कलमात आणखी एक तरतूद होती: शिक्षणात कोणावरही प्रांताची दुसरी भाषा शिकण्याची सक्ती करायची नाही. ती लक्षात ठेवा, पुढे तिच्याचपाशी सगळं अडलं.

वाद पेटला तो प्रांत बोहेमिया, आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग. तिथे साधारण पाचांत तीन चेक आणि दोन जर्मन. जर्मन वस्ती सीमेच्या डोंगरपट्ट्यात घोड्याच्या नालेसारखी पसरलेली, मधला सखल मुलूख चेकांचा. गावोगावी सरमिसळ म्हणावी तशी नव्हती. पण १८८० नंतर चेक मजूर उत्तरेकडच्या जर्मन भागातल्या कोळशाच्या खाणींत आणि गिरण्यांत जाऊ लागले, आणि नकाशावरची रेघ पुसट होऊ लागली.

फाइलचा प्रवास

आदेशात नेमकं काय होतं ते कळायला एक फाइल हातात घेऊ.

ताबोरजवळच्या खेड्यातला एक चेक शेतकरी. शेजाऱ्याने बांध सरकवला म्हणून त्याने जिल्हा न्यायालयात चेकमध्ये अर्ज दिला. स्ट्रेमायर या मंत्र्याने काढलेल्या १८८० च्या आदेशामुळे एवढं तर नक्की झालं होतं की अर्ज ज्या भाषेत येईल त्याच भाषेत उत्तर द्यायचं. म्हणजे खिडकीवर चेक चालत होती.

खिडकीच्या आत मात्र जर्मन. अर्ज घेणारा कारकून चेक, त्याचा वरिष्ठ चेक, बहुधा न्यायाधीशही चेक. तरी कारकून शेरा लिहायचा जर्मनमध्ये, वरिष्ठाची टिप्पणी जर्मनमध्ये, प्रागच्या वरिष्ठ न्यायालयाशी पत्रव्यवहार जर्मनमध्ये. शेवटी निकालाचं चेक भाषांतर होऊन कागद शेतकऱ्याच्या हातात पडायचा. दोन-तीन चेक माणसं एका चेक माणसाच्या बांधाबद्दल एकमेकांना जर्मनमधून लिहीत होती. चेक पक्षांना हे अपमानास्पद वाटत होतं, आणि त्यात चूक काढण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

आता दुसरी फाइल. उत्तर बोहेमियात ब्र्यूक्सच्या (आजचं मोस्ट) कोळसा खाणीत कामाला आलेला चेक मजूर. आजूबाजूचा मुलूख जर्मन, न्यायालयातले सगळे जर्मन. त्याने मजुरीच्या वादात चेकमध्ये अर्ज दिला तर जुन्या पद्धतीत चेक येणारा एक कारकून पुरत होता. अर्ज समजून घ्यायचा, निकालाचं भाषांतर करायचं, संपलं. पण ‘अर्जाची भाषा तीच फाइलची भाषा’ असं ठरलं, तर शेरे, टिप्पण्या, न्यायाधीशांची आपसातली चर्चा, सगळंच चेकमध्ये. मग एक कारकून पुरत नाही, न्यायाधीशालाही चेक यायला हवी.

दोन्ही फाइलींना लागणारा नियम एकच. पहिल्या फाइलीत तो एक अन्याय दूर करतो. दुसऱ्या फाइलीत तो न्यायाधीशाच्या खुर्चीवर कोण बसेल हेच बदलून टाकतो.

सरकारची अडचण

काउंट काझिमिर बाडेनी हा पोलिश जमीनदार. १८८८ पासून तो गॅलिशिया प्रांताचा (आजचा दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेन) राज्यपाल होता, आणि कडक हाताचा म्हणून त्याचं नाव होतं. निवडणुका ‘व्यवस्थित पार पाडण्या’बद्दलही होतं, हे अवतरणचिन्हात वाचावं. १८९५ च्या शरद ऋतूत सम्राट फ्रान्झ जोसेफने त्याला व्हिएन्नाला बोलावून पंतप्रधान केलं.

त्याच्या आधीचं आघाडी सरकार कशावर मोडलं होतं? स्टिरिया प्रांतातल्या त्सिली (आजचं स्लोव्हेनियातलं त्सेल्ये) या छोट्या गावातल्या एका हायस्कुलात स्लोव्हेन वर्ग सुरू करायचे की नाही, यावर. अंदाजपत्रकात एवढीशी रक्कम, आणि जर्मन पक्ष आघाडीतून बाहेर पडला. या देशात भाषेला हात लावला की चटका बसतो, हे बाडेनीला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण त्याला एक मोठं काम उरकायचं होतं. हंगेरीबरोबरच्या तडजोडीतला आर्थिक भाग, म्हणजे जकात आणि सामाईक खर्चातला वाटा, दर दहा वर्षांनी नव्याने ठरवावा लागे. ती मुदत १८९७ अखेर संपत होती. संसदेत बहुमत नसेल तर करार लटकणार.

आणि संसद नेमकी बदलली होती, तीही बाडेनीच्याच हाताने. १८९६ मध्ये त्याने मतदानाचा हक्क वाढवला. जुन्या चार मतदारवर्गांना पाचवा जोडला, त्यात २४ वर्षांवरच्या सर्व पुरुषांना मत आणि ७२ जागा दिल्या. सभागृहात आता ४२५ सदस्य झाले. मार्च १८९७ च्या निवडणुकीत लहानमोठे पक्ष उगवले, पहिल्यांदाच समाजवादी कामगार पक्ष आत आला, आणि जर्मन उदारमतवाद्यांची जुनी फळी फुटली. चेकांच्या बाजूने त्यांचा जहाल ‘तरुण चेक’ पक्ष सुमारे ६० जागा घेऊन उभा होता. ते सरकारबरोबर आले तर आकडा जमत होता. त्यांची किंमत ठरलेली होती: बोहेमियात कचेरीच्या आतही चेक.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करणे. १८८० चा आदेश चालू ठेवायचा आणि हंगेरीच्या कराराला मतं दुसरीकडून गोळा करायची. फुटलेल्या जर्मन पक्षांची मोट बांधणं अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. त्यात तरुण चेक मात्र पुन्हा विरोधात गेले असते. १८९३ पासून प्रागमध्ये अपवादात्मक कायदा लावावा लागला होता आणि तो बाडेनीनेच आल्या आल्या उठवला होता. ते सगळं परत नको, असं त्याला वाटलं असणार.

दुसरा, संसदेत कायदा करणे. रस्ता सरळ, पण लांबचा. त्यात जर्मनांना प्रत्येक कलमावर अडवायची संधी मिळाली असती. (मिळाली ती तशीही.)

तिसरा, बोहेमियातल्या दोन्ही समाजांना एकत्र बसवणे. हा प्रयोग एकदा झाला होता. जानेवारी १८९० मध्ये व्हिएन्नात ‘जुने चेक’ (चेकांचा मवाळ पक्ष) आणि जर्मन नेते यांच्यात समझोता ठरला. जिल्हे शक्यतो भाषेनुसार वेगळे करायचे, शाळा आणि न्यायालयांच्या पातळीवर विभागणी करायची. कागदावर छान होता. पण तरुण चेकांना त्या बैठकीला बोलावलंच नव्हतं. बोहेमिया हे एकच अखंड ऐतिहासिक राज्य आहे, त्याचे तुकडे कसले पाडता, म्हणत त्यांनी रान उठवलं आणि १८९१ च्या निवडणुकीत जुन्या चेकांचा धुव्वा उडवला. समझोता तिथेच मेला.

या १८९० च्या फसलेल्या प्रयोगातून काय घ्यायचं, इथे मला या प्रकरणातली पहिली खरी चूक दिसते. बाडेनीने घेतलेला बोध असा दिसतो की तरुण चेकांना बाहेर ठेवून चालत नाही. बरोबर होता, पण अर्धाच. ज्याच्यावर ओझं पडणार त्याला बाहेर ठेवून चालत नाही, हा बोध घेतला असता तर १८९७ मध्ये टेबलापाशी पहिली खुर्ची बोहेमियातल्या जर्मनांना द्यावी लागली असती.

चौथा, प्रांताचे भाग पाडून नियम वेगवेगळे करणे. चेक पट्ट्यात आतली भाषा चेक, जर्मन पट्ट्यात जर्मन, मिश्र जिल्ह्यांत दोन्ही. ताबोरच्या शेतकऱ्याचा प्रश्न सुटतो आणि ब्र्यूक्सच्या न्यायाधीशाची खुर्ची शाबूत राहते. अडचण अशी की ‘अखंड बोहेमिया’चा आग्रह धरणाऱ्या तरुण चेकांना हे रुचलं नसतं.

पाचवा, आदेश काढून मोकळं होणे. आपल्याकडच्या भाषेत, जीआर काढणे. मंत्र्यांच्या सह्या पुरतात, मतदान नको. बाडेनीला हा मार्ग का सोपा वाटला असावा हे त्याच्या गॅलिशियात दिसतं. तिथे १८६९ मध्ये अशाच आदेशाने कचेऱ्यांची आतली भाषा जर्मनची पोलिश झाली होती, आणि फारसा गाजावाजा झाला नव्हता. पण गॅलिशियात जर्मन अधिकारी बाहेरून आलेले होते, ते बदलून गेले. ज्यांना खरा त्रास झाला त्या रुथेनियन शेतकऱ्यांचा आवाज व्हिएन्नापर्यंत पोचत नव्हता. बोहेमियातले जर्मन बदलून जाणारे नव्हते. पिढ्यानपिढ्या तिथेच राहणारे, शिकलेले, वर्तमानपत्रं आणि कारखाने हातात असलेले लोक होते. एका प्रांतात चाललेला उपाय दुसऱ्या प्रांतात तसाच नेऊन लावला, पण तिथे तो का चालला होता ते तपासलं नाही.

निर्णय

५ एप्रिल १८९७ ला बोहेमियासाठी आणि २२ एप्रिलला शेजारच्या मोराविया प्रांतासाठी आदेश निघाले. त्यांत दोन मुख्य गोष्टी होत्या. एक, फाइल ज्या भाषेत सुरू झाली त्याच भाषेत प्रांतातल्या सर्व पातळ्यांवर आतून चालेल. दोन, १ जुलै १९०१ नंतर नेमणूक होणाऱ्या अधिकाऱ्याला दोन्ही भाषा लिहिता-बोलता येतात हे सिद्ध करावं लागेल. लष्कर आणि केंद्राशी पत्रव्यवहार जर्मनमध्येच राहणार होता.

कागदावर याहून समतोल काही नाही. चेक अधिकाऱ्याला जर्मन, जर्मन अधिकाऱ्याला चेक. कोणाला झुकतं माप नाही.

पण शिकलेल्या चेक माणसाला जर्मन येतच होती. तिच्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं. शिकलेल्या जर्मन माणसाला चेक सहसा येत नव्हती. ती दुकानातल्या पोऱ्याशी आणि स्वयंपाकिणीशी बोलण्यापुरती. त्यामुळे आदेशाचं ओझं चेक उमेदवारावर शून्य आणि जर्मन उमेदवारावर पुरेपूर. जर्मन हायस्कुलात चेक हा ऐच्छिक विषय होता, कारण १९ वं कलम सक्तीला आडवं येत होतं. हे कलम शाळेत सक्ती करू देत नाही आणि आदेश नोकरीसाठी तीच भाषा अनिवार्य करतो. मग पोराने ती शिकायची कुठे, आणि चार वर्षांत? १८९७ मध्ये लॅटिन-ग्रीकच्या वर्गात बसलेला सोळा वर्षांचा जर्मन मुलगा १९०१ नंतर नोकरीच्या दारात पोचणार होता. त्याच्या बापाने हा हिशोब आठवड्याभरात केला असेल. सरकारने तो केल्याचं दिसत नाही.

उलट बाजूही नीट मांडली पाहिजे. बहुसंख्य लोकांची भाषा तिथल्या अधिकाऱ्याला यावी ही अपेक्षा अवाजवी नाही. चेक भाषा शिकणं म्हणजे कमीपणा, ही जर्मनांची भावना होती आणि तिच्यात मगरुरी होती. पण धोरण आखणाऱ्याला माणसं असायला हवीत तशी मिळत नसतात. समोर आहेत तशीच घ्यावी लागतात.

पुढचे सात महिने

सुरुवात बोहेमियातल्या जर्मन गावांतून झाली. निषेधसभा, ठराव, नगरपालिकांचं असहकार्य. ११ जुलैला एगर (आजचं चेब) इथे बंदी मोडून जर्मनांचा मोठा मेळावा झाला. बंदोबस्ताला प्रागहून चेक पोलीस आणले होते. भाषेच्या भांडणात जर्मन गावावर चेक पोलीस धाडणं याला अधिकाऱ्यांची सोय म्हणा किंवा मठ्ठपणा म्हणा, जखमेवर मीठ पडायचं ते पडलंच.

सप्टेंबरमध्ये संसद पुन्हा भरली. कार्ल हेर्मान वोल्फ हा जहाल जर्मन राष्ट्रवादी सदस्य सभागृहात पंतप्रधानाला असं काही बोलला की बाडेनीने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. २५ सप्टेंबरला पिस्तुलांनी द्वंद्व झालं आणि बाडेनीच्या हाताला गोळी लागली. द्वंद्व हा कायद्याने गुन्हा, चर्चच्या दृष्टीने पाप, आणि हा गृहस्थ पंतप्रधान असून गृहखातंही त्याच्याकडेच. सम्राटाने समजून घेतलं. बाकीच्या देशाला एवढंच दिसलं की सरकार आणि विरोधक यांच्यात आता शब्दांचं काम उरलेलं नाही.

सभागृह रोखायला जर्मनांनी नियमांचीच शस्त्रं केली. तातडीचे प्रस्ताव, प्रत्येक गोष्टीवर नाव पुकारून मतदान, मंत्र्यांवर महाभियोगाच्या सूचना. दिवसाचं कामकाज सुरूच होऊ द्यायचं नाही. सरकारने रात्री बैठका चालू केल्या. २८ ऑक्टोबरच्या रात्री नऊच्या सुमारास ब्रनोचा सदस्य ऑटो लेखर बोलायला उभा राहिला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास खाली बसला. बारा तास. विषय हंगेरीच्या कराराला तात्पुरती मुदतवाढ देण्याचा, आणि गंमत म्हणजे तो विषय सोडून बोललाच नाही. जकात, साखर, दर, वाटा, आकडे. भोवती आरडाओरडा, बाकांची झाकणं आपटणं, अध्यक्षाच्या घंटेचा खणखणाट. त्या हिवाळ्यात व्हिएन्नात मुक्कामाला असलेल्या मार्क ट्वेनने हा सगळा तमाशा पाहिला आणि अमेरिकेतल्या वाचकांसाठी लिहूनही काढला.

आगीत तेल बाहेरूनही आलं. रोमचा इतिहास लिहिणारा बर्लिनचा थोर विद्वान थिओडोर मोमसेन याने व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात ऑस्ट्रियातल्या जर्मनांना उद्देशून पत्र लिहिलं. कठोर व्हा, चेकांच्या कवटीत विवेक शिरत नाही पण टोले शिरतात, असा त्याचा आशय. एवढ्या मोठ्या माणसाने असं लिहिल्यावर गल्लीतल्या पोरांनी संयम राखावा, ही अपेक्षा कोणाकडून करायची?

नोव्हेंबरच्या अखेरीस सभागृहात मारामाऱ्या होऊ लागल्या. एका झटापटीत कायद्याच्या प्राध्यापकाने खिशातला चाकू काढला. आता बाडेनीसमोर शेवटचा खरा निर्णय होता: आदेश स्थगित करून बोलणी करायची, की सभागृहाचे नियम बदलून विरोधकांना बाहेर काढायचं?

सरकारी बाजूने दुसरा मार्ग धरला. २५ नोव्हेंबरला काउंट फाल्कनहाइनने प्रस्ताव मांडला की गोंधळ घालणाऱ्या सदस्याला अध्यक्षांनी निलंबित करावं आणि गरज पडल्यास सक्तीने बाहेर काढावं. गदारोळात काय वाचलं ते कोणाला ऐकू गेलं नाही. अध्यक्ष आब्राहामोविच यांनी बाजूने असलेल्यांना उभं राहायला सांगितलं (बरेच जण आधीच उभे होते) आणि प्रस्ताव मंजूर झाल्याचं जाहीर केलं. चर्चा नाही, मोजणी नाही.

दुसऱ्या दिवशी समाजवादी सदस्य अध्यक्षांच्या व्यासपीठावर चढले. सभागृहात पोलीस आले आणि लोकांनी निवडून दिलेल्या माणसांना उचलून, ओढत बाहेर नेलं.

प्रकरणाचं वळण हेच. समाजवाद्यांना बोहेमियातल्या फाइलींशी काडीचं देणंघेणं नव्हतं. पाचव्या मतदारवर्गातून, म्हणजे बाडेनीच्याच सुधारणेतून, ते आत आले होते. आता त्यांना पोलिसांनी फरफटवलं म्हटल्यावर व्हिएन्नाचा कामगार रस्त्यावर आला. त्याच्याशेजारी जर्मन राष्ट्रवादी विद्यार्थी. एरवी हे दोघे एका फुटपाथवरून चालले नसते. शहराचा महापौर कार्ल लुएगर याने कळवलं की शांततेची हमी देता येणार नाही. ग्रात्स या जर्मन शहरात निदर्शकांवर लष्कराने गोळ्या झाडल्या, आणि त्या झाडणारी तुकडी बोस्नियन होती.

२८ नोव्हेंबरला सम्राटाने बाडेनीला निरोप दिला.

निष्पत्ती

व्हिएन्नात आणि ग्रात्समध्ये आनंदोत्सव झाला. प्रागमध्ये उलटा स्फोट. चेक जमावाने जर्मन संस्था, जर्मन विद्यापीठाच्या इमारती, दुकानं फोडली. ज्यूंची दुकानं आणि घरंही फोडली. ज्यू जर्मन बोलतात म्हणून ते जर्मनांचे, असं गणित. जर्मन भागांत त्यांना ते जर्मन नाहीत म्हणून हिणवलं जात होतं. २ डिसेंबरला प्रागमध्ये आणीबाणी लागली.

पुढचा पंतप्रधान गाउच याने फेब्रुवारी १८९८ मध्ये आदेश बदलले: बोहेमियाचे तीन भाग, चेक, जर्मन आणि मिश्र. म्हणजे वर सांगितलेला चौथा पर्याय. आता तो कोणालाच पुरेसा नव्हता. वर्षापूर्वी जो मधला मार्ग ठरला असता तो आता एका बाजूला माघार आणि दुसऱ्या बाजूला अपुरा विजय वाटत होता. ऑक्टोबर १८९९ मध्ये क्लारी सरकारने आदेश पूर्णच मागे घेतले. मग सभागृह रोखायची पाळी चेकांची. ती युक्ती त्यांनी समोरच्या बाकांवरूनच शिकून घेतली होती. संसद चालेना, तेव्हा सरकारं १८६७ च्याच दुसऱ्या एका मूलभूत कायद्याच्या १४ व्या कलमाखाली, म्हणजे संसद बसलेली नसताना काढायच्या हुकुमांवर, कारभार हाकू लागली.

आदेश मागे घेतल्यावर त्याच शरद ऋतूत राखीव सैनिकांच्या हजेरीला काही चेक शिपायांनी ‘हिअर’ऐवजी ‘झ्दे’ म्हटलं. दोन्हीचा अर्थ ‘हजर’. लष्कराची हुकुमाची भाषा जर्मन, तिचे ऐंशीएक शब्द प्रत्येक शिपायाला पाठ करावे लागत. पोरं तुरुंगात गेली, प्रश्न संसदेत गेला, सम्राटाने स्वतः लक्ष घातलं. दोन वर्षांपूर्वी वाद दुय्यम न्यायाधीशांच्या नेमणुकीचा होता, आता तो हजेरीच्या एका शब्दापर्यंत उतरला होता.

काय वेगळं करता आलं असतं

बाडेनीवर ‘जर्मनद्वेष्टा’ असा शिक्का मारला गेला, तो मला पटत नाही. भाषेबद्दल त्याला फारसं काही वाटत होतं असंच दिसत नाही. त्याला मतं हवी होती. हा प्रश्न त्याने संसदेतल्या बेरजेचा म्हणून सोडवला आणि तो निघाला हजारो घरांच्या चरितार्थाचा.

मुदत हा सगळ्यांत सोपा बदल ठरला असता. १९०१ ऐवजी पंधरा वर्षांनंतरची तारीख घातली असती आणि मधल्या काळात जर्मन हायस्कुलांत चेक शिकवायची चांगली सोय, शिष्यवृत्त्या, बढतीत गुण अशी आमिषं ठेवली असती, तर सक्ती न करताही दोन्ही भाषा येणारी पिढी तयार करता आली असती. १९ व्या कलमाला धक्का न लावता.

दुसरं, दोन गोष्टी एका आदेशात बांधायलाच नको होत्या. आतली भाषा हा शेतकऱ्याचा प्रश्न, दोन्ही भाषांची अट हा उमेदवाराचा. पहिली गोष्ट आधी फक्त चेकबहुल जिल्ह्यांत लागू केली असती तर ताबोरच्या फाइलीतलं जर्मन नाटक एका झटक्यात बंद झालं असतं, आणि एगरमधल्या कोणाच्या खुर्चीला हात लागला नसता. तरुण चेक कुरकुरले असते. पण हातात काही पडल्यावरची कुरकुर वेगळी असते.

नोव्हेंबरबद्दल मात्र माझी खात्री आहे. २४ तारखेपर्यंत विरोधक सभागृहाचे नियम वाकवत होते आणि सरकार ते पाळत होतं. काठावरचे लोक, म्हणजे लुएगरचा पक्ष आणि कामगार, अजून पुरते कोणाचे झालेले नव्हते. फाल्कनहाइनच्या प्रस्तावाने नियम सरकारनेच मोडला आणि ‘फाइलीची भाषा’ हा विषय ‘संसदेतली पोलिसी जबरदस्ती’ झाला. पहिल्या विषयावर जर्मन एकटे होते. दुसऱ्यावर अर्धं व्हिएन्ना त्यांच्या बाजूला आलं.

तिसरा पर्याय, दोघांना एकत्र बसवण्याचा, शेजारच्या मोरावियात पुढे खरा ठरला. तिथे बोलणी रेंगाळत चालली, पण दोन्ही समाजांचे मुख्य पक्ष आत होते, आणि २७ नोव्हेंबर १९०५ चे कायदे झाले. मतदारांच्या दोन याद्या, एक चेकांची, एक जर्मनांची. चेक मतदार चेक उमेदवारांतून निवडणार, जर्मन जर्मनांतून. विधिमंडळातल्या जागा आधीच वाटून दिलेल्या, त्यामुळे निवडणुकीत एकमेकांच्या जागा हिसकावण्याचं कारणच संपलं. पोरांना ज्या शाळेची भाषा येते त्याच शाळेत प्रवेश.

बोहेमियात तसं झालं नाही. तिथलं विधिमंडळ अडवणुकीने इतकं ठप्प झालं की १९१३ मध्ये सरकारने ते बरखास्त करून कारभार आयोगाकडे दिला. मोरावियातही वाद संपले असं नाही. दोन भाषा घरात बोलणारा माणूस कोणत्या यादीत घालायचा, त्याने स्वतः सांगितलेलं धरायचं की शेजाऱ्यांची साक्ष काढायची, याचे अर्ज आणि अपिलं न्यायालयापर्यंत जात राहिली. त्या फाइलींवर पहिला शेरा लिहिताना कारकुनाला आधी ठरवावं लागे की हा अर्जदार कोण आहे.